युनियनच्या छापखान्यात भंगार नको!



केंद्र सरकारने २०१७ साली आपले १७ छापखाने विलीन करून पाचांवर आणण्याचा निर्णय घेतला. २०१९ साली रेल्वे बोर्डाने भायखळ्यासह रेल्वेचे उरलेसुरले छापखाने बंद करण्याचे ठरविले. तेव्हा आम्ही गेटसभा घेतल्या, निवेदने दिली, 'बाहेरून छापून घेणे स्वस्त पडते' हे प्रशासनाचे गणित खोटे आहे असे ठणकावून सांगितले. आज तीच भाषा आमच्या स्वतःच्या कार्यकारिणीत ऐकू येते, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

प्रश्न आमच्या युनियनच्या लहानशा छापखान्याचा आहे. फिल्मचे दिवस संपले. संगणकावरून थेट प्लेट काढणारे सीटीपी यंत्र घ्यावे लागणार, आणि नवे परवडत नसल्याने जुनेच घ्यावे लागणार, हे आम्हालाही मान्य आहे. वाद आहे तो घेण्याच्या पद्धतीचा. एका दलालाने मोबाईलवर चार फोटो पाठविले, 'चालू स्थितीत आहे' म्हणून शब्द दिला, आणि सर्वांत कमी आकडा पाहून काही पदाधिकारी आगाऊ रक्कम द्यायला निघाले! दुसरा गट म्हणतो, ही डोकेदुखी हवी कशाला, प्लेटा बाहेरून आणा. दोघांनाही आमचा स्पष्ट विरोध आहे.

आपण रेल्वेवाले. शेडमधून इंजिन तपासणीशिवाय लाइनवर सोडतो का? मग सभासदांच्या वर्गणीचे लाखो रुपये फोटो पाहून कसे सोडायचे?

स्वस्त यंत्राची खरी किंमत पुढे प्लेटांत मोजावी लागते. थर्मल यंत्राला थर्मल प्लेटच लागते, व्हायोलेटला व्हायोलेटची. एकाची प्लेट दुसऱ्यावर चालत नाही. व्हायोलेट प्लेट तर पिवळ्या उजेडातच हाताळावी लागते. साध्या पीएस प्लेटवर अतिनील प्रकाशाने काम करणारी यंत्रेही आहेत. तेव्हा आधी आपल्या गावात कोणती प्लेट बारमाही आणि कोणत्या भावाने मिळते हे पाहा, मग यंत्र पाहा. प्लेटचा आकार आपल्या ऑफसेट मशीनला बसतो की नाही, हेही तेव्हाच मोजा.

दुसरी गोष्ट लेझर हेडची. यंत्राचा जीव तिथे आहे, आणि ते गेले तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करतो. म्हणून यंत्र खोलण्यापूर्वी, विकणाऱ्याच्या जागी, आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण आकाराची प्लेट काढून घ्या. २४०० डीपीआयवर पन्नास टक्क्यांचा सपाट टिंट टाका. त्यात पट्टे दिसले तर समजा, हेड थकले आहे किंवा ते सरकविणारी यंत्रणा झिजली आहे. चार रंगांच्या चार प्लेटा काढून खुणा भिंगाखाली जुळवून पाहा. लेझर किती तास चालला याचा आकडा आणि दुरुस्तीची वही मागा. वही नाही म्हणणाऱ्याकडून यंत्र घेऊ नका.

तिसरी गोष्ट चावीची. पान प्लेटसाठी तयार करणारे रिप सॉफ्टवेअर बहुधा डोंगलशिवाय चालत नाही. डोंगल आणि परवाना युनियनच्या नावे लेखी मिळाला पाहिजे. सोबतचा संगणक पुष्कळदा विंडोज एक्सपीवर असतो, ज्याचा आधार कंपनीने २०१४ सालीच काढून घेतला. त्याच्या डिस्कची प्रत पहिल्याच दिवशी काढून ठेवा. प्लेट धुणारा प्रोसेसर, वातानुकूलित खोली, स्टॅबिलायझर, वाहतूक आणि बसविणारा तंत्रज्ञ हे सारे धरूनच हिशेब मांडा. शेवटचा हप्ता आपल्या छापखान्यात चाचणी झाल्यावरच द्या.

आणि हे तपासायचे कोणी? सचिवाने नव्हे, खजिनदारानेही नव्हे. आयुष्यभर फिल्म जोडणारे, प्लेट धुणारे आमचे कामगार खरेदी समितीत हवेत. त्यांना नव्या यंत्राचे प्रशिक्षण मिळालेच पाहिजे. फिल्म गेली म्हणून माणूस जाता कामा नये. झाकण उघडताच लेझर बंद करणारी सुरक्षा कळ कोणी तार जोडून निकामी केलेली नाही ना, हे आधी पाहा. डेव्हलपर अंगावर उडाला तर भाजतो. हातमोजे आणि चष्मा ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून 'दीनबंधु' चालविले ते का, हे आपण विसरलो तर पत्रक छापण्यासाठीही उद्या दुसऱ्याच्या दारात उभे राहू. संपाच्या आदल्या रात्री बाहेरचा प्लेटवाला दुकान बंद करून गेला तर काय करणार? घाईत घेतलेले भंगार वर्षात बंद पडेल आणि 'बघा, छापखाना चालत नाही' असे म्हणणाऱ्यांना आयते निमित्त मिळेल. ते निमित्त आपल्याच हाताने देऊ नका.

येत्या बैठकीत ठराव मांडा : आधी चाचणी, मग पैसा, आणि समितीत छापखान्याचा कामगार!

कामगार एकजुटीचा विजय असो!