राष्ट्रगीतावर अडलेलं कॉलेज

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं गोशेन कॉलेज मेनोनाइट चर्चचं. या पंथाला युद्ध मान्य नाही. 1894 मध्ये एल्कहार्टला सुरू झालेली ही संस्था 1903 मध्ये गोशेनला आली.

पुढे चर्चमधल्या सनातन्यांना इथलं वातावरण फारच पुढारलेलं वाटू लागलं आणि 1923-24 चं अख्खं वर्ष कॉलेजला कुलूप लागलं. चर्चचा आधार घेतला की जाचही आलाच, असं म्हणून ते सोडून देता येईल. पण ती शुद्ध मनमानी होती.

त्याच श्रद्धेतून 1968 मध्ये मात्र वेगळंच काही उगवलं. विद्यार्थ्यांनी एक सत्र परदेशात, स्थानिक कुटुंबात राहून, शिकत आणि सेवा करत काढायचं. सहल नव्हे, अभ्यासक्रमच!

सामन्यांपूर्वी राष्ट्रगीत वाजवायचं नाही, हीही तिथली जुनी रीत. कारण त्यात रणांगणाचं वर्णन आहे. 2010 मध्ये ते नुसत्या वाद्यांवर वाजू लागलं, तर आपल्याच माणसांनी विरोध केला. 2011 मध्ये नियामक मंडळाने ते थांबवलं आणि त्याऐवजी 'अमेरिका द ब्युटिफुल' हे गीत निवडलं गेलं. टीका झालीच. पण ज्या पंथाने पिढ्यानपिढ्या बंदूक नाकारली, त्याच्या कॉलेजात देशद्रोह शोधणाऱ्यांनी मेनोनाइटांचा इतिहास वाचलेला नसावा.