एकशे नव्व्याण्णवावा क्रमांक

गुरुग्राममधील एका कंपनीच्या प्रशिक्षणवर्गाला मध्यंतरी मी श्रोता म्हणून गेलो होतो. वक्त्याने पडद्यावर अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रॅडीचे छायाचित्र लावले. २००० सालच्या निवडप्रक्रियेत मिशिगन विद्यापीठाच्या या तरुणाचा क्रमांक १९९वा लागला. पुढे त्याने सात ‘सुपर बोल’ जिंकले. तात्पर्य ठरलेलेच होते : जगाने दिलेल्या क्रमांकाकडे पाहू नका, स्वतःवर विश्वास ठेवा. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

परतताना मात्र तो आकडाच डोक्यात घोळत राहिला. कोणाचा १९९वा क्रमांक लागायचा, तर आधी तेवढी लांब यादी असावी लागते. अमेरिकेत ती आहे. विद्यापीठांच्या मैदानांवर घडलेल्या तरुणांची दरवर्षी पारख होते. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला हक्क मिळतो. दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांचा पैसा सर्व संघांत समान वाटला जातो आणि १९९४पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा आहे. मुक्त बाजारपेठेचा जयघोष करणाऱ्या देशाने आपला सर्वांत श्रीमंत खेळ असा जवळजवळ समाजवादी शिस्तीने चालवावा, हे त्या सभागृहात सांगण्याचे धाडस मला झाले नाही. ब्रॅडीची जिद्द खरीच आहे. पण ती वाया जाऊ नये, याची तजवीज त्याच्या जन्मापूर्वीपासून होत आली होती.

आपल्याकडे या वक्त्यांचे आवडते नाव सुनील छेत्री. लष्करात असलेल्या वडिलांच्या बदल्यांबरोबर फिरलेला हा मुलगा दिल्लीच्या मैदानांवर पुढे आला आणि २००२मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये दाखल झाला. दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताने २००७ व २००९चा नेहरू चषक जिंकला, तेव्हा तो संघात होता. त्याच २००९ साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने त्याला करारबद्ध करण्याचे ठरवले. ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला. त्याच्या खेळात काही उणे नव्हते. भारत ‘फिफा’च्या क्रमवारीत पहिल्या ७० देशांत नव्हता, एवढेच. व्याख्यानांत हा प्रसंग ‘तरीही तो खचला नाही’ या वाक्यासाठी येतो. धोरणाचा विचार करणाऱ्याने तो वेगळा वाचावा : एका माणसाच्या मेहनतीचे मोल त्याच्या महासंघाच्या कामगिरीवरून ठरले.

जून २०१८मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर त्याने चिनी तैपेईविरुद्ध तीन गोल केले, तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार होते. मग त्याने चित्रफितीतून लोकांना विनवले : या, हवी तर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या. केनियाविरुद्धचा पुढचा सामना, त्याचा शंभरावा, भर पावसात तुडुंब गर्दीत झाला. त्याचे कौतुक मी त्या वेळी लिहिले होते. आज ते थोडे घाईचे वाटते. राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराने तिकिटे खपवावीत, ही महासंघाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट कशी असेल?

त्या महासंघाचे मुख्यालय दिल्लीतच, द्वारकेत आहे. ऑगस्ट २०२२मध्ये बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून ‘फिफा’ने त्याला दहा-अकरा दिवस निलंबित केले होते. २०२५मध्ये व्यावसायिक कराराचे नूतनीकरण रखडल्याने देशाची अव्वल लीग वेळेवर सुरू होऊ शकली नाही. दरम्यान, निवृत्त झालेल्या छेत्रीला त्याच वर्षी मार्चमध्ये, चाळिसाव्या वर्षी, परत बोलावले गेले. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. ही जिद्दीची परिसीमा, असे मथळे झाले. वास्तविक क्लब आघाडीच्या जागेवर परदेशी खेळाडूंना पसंती देतात, त्यामुळे त्या जागेवर भारतीय तरुण घडतच नाहीत, ही तक्रार जुनी आहे. ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला सिंगापूरकडून २-१ असा पराभव झाला आणि २०२७च्या आशियाई चषकाची पात्रता हुकली.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. महासंघांच्या निवडणुका, खेळाडूंचे प्रतिनिधित्व, तंट्यांसाठी न्यायाधिकरण हे सारे त्यात आहे आणि ते स्वागतार्ह आहे. मी मात्र क्रीडा मंत्रालयाकडे याहून साधी एक गोष्ट मागेन : बारा ते अठरा वयोगटातील मुलांना वर्षभरात किती स्पर्धात्मक सामने खेळायला मिळाले, याचा जिल्हानिहाय तक्ता दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. सुरुवात दिल्लीच्या जिल्ह्यांपासून करता येईल.