डफडं चालतं, तोंड चालत नाही



धान कापून झालं की आमच्या पोंभुर्ण्याकडं मंडई भरते आणि रातभर नाटक चालतं. वडशात नाटक मंडळांची हापिसं आहेत. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तशी शहरातल्या पेपरांनाही झाडीपट्टी रंगभूमी दिसली. चांगलं झालं. पण गोदीत माल उचलताना एक सवाल मला छळतो : ज्याला हे लोक 'लोककला' म्हणतात, त्यातला 'लोक' कोण?

याच मुलखात डफडं पिढ्यान् पिढ्या महार-मांगांच्या गळ्यात होतं. लग्न त्यांचं, मिरवणूक त्यांची, वाजवणार आम्ही आणि जेवणार पंगतीबाहेर. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. त्यानंतर पुष्कळांनी गळ्यातलं डफडं उतरवलं. याला कुणी 'कलेचं नुकसान' म्हणत असेल, तर त्यानं आधी उष्ट्यावर वाजवून दाखवावं.

तमाशाचं बघा. रेठऱ्याचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी फडात आला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याचं येणं 'त्याग' ठरलं. हिवरगावची पवळा महाराच्या घरची, त्याच फडाचा जीव. तिच्याबद्दल लिहितात ते बहुतेक तिच्या रूपाचं. म्हंजे प्रतिभा कुलकर्ण्याची, रूप महारणीचं! विठाबाई नारायणगावकर भाऊ-बापू मांगांच्या घरातल्या, राष्ट्रपती पदकाच्या मानकरी. 2002 मध्ये गरिबीतच गेल्या. 2006 पासून सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. जितेपणी हाल, मेल्यावर शाल!

1972 ला आपल्या पोरांनी ज्या ब्लॅक पँथरांवरून नाव घेतलं, त्यांच्या देशातही हेच. तिथलं गावरान गाणं, कंट्री, गोऱ्यांचं म्हणून विकलं गेलं. त्यातला बँजो मात्र आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी घडवलेला. डीफोर्ड बेली हा काळा माणूस 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात माउथ ऑर्गन वाजवून गाजला. 1941 ला त्याला काढून टाकलं. पुढं तो बूटपॉलिशवर जगला. 1966 ला चार्ली प्राइडच्या पहिल्या रेकॉर्डी कंपनीनं त्याचा फोटो न लावता बाजारात धाडल्या. आवाज पाहिजे, काळं तोंड नको.

म्हणून वाद्य वाईट नाही, सक्ती वाईट. भीमराव कर्डकांनी, वामनदादांनी हीच ढोलकी माणूसपणासाठी वाजवली. ज्याला डफडं टाकायचंय त्यानं टाकावं. ज्याला वाजवायचंय त्यानं मजुरी ठरवून, पोस्टरवर नाव छापून, ताठ मानेनं वाजवावं.

यंदा कुठल्याही लोककला महोत्सवात गेलात तर एवढंच विचारा : वाजवणाऱ्याचं नाव काय? आयोजकाचं नाव पाच फुटी आणि वादकाचं कुठंच नाही, अशा मंडपात आपुन टाळ्या वाजवायला बसणार नाही.

जय भीम!