पीट जमिनीची दाबणी आणि वायूंचा हिशेब

आपण खळे चोपून टणक करतो, ते धान्यात माती मिसळू नये म्हणून. मलेशियातील सारवाक प्रांतात तेल-पामची लागवड करण्यापूर्वी पीट जमीनही अशीच, पण अवजड यंत्रांनी, दाबून घेण्यात येते. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजत राहिलेल्या झाडाझुडपांचा थर. तो इतका भुसभुशीत असतो की, त्यात पामची झाडे कलंडतात. दाबणीने झाडास आधार मिळतो, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो दुसऱ्याच दाव्याविषयी. दाबलेल्या थरातील मोठी छिद्रे मिटतात, ओल टिकते, प्राणवायू कमी शिरतो. सबब कुजण्याची क्रिया मंदावून कार्बन डायऑक्साइड वायू कमी सुटतो, असे प्रतिपादन केले जाते. यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे, असे माझे मत आहे. नैसर्गिक पीटच्या एका घनमीटरात सुमारे १०० किलो कोरडा अंश असतो. बाकी बहुतांशी पाणीच! दाबणीने हा अंश दुप्पट झाला, तर पाण्याच्या पातळीवर उघड्या पडलेल्या तेवढ्याच जाडीच्या थरात कुजण्यास दुप्पट माल राहतो. शिवाय अशा कोंदट, ओल्या जागी नत्रखत पडल्यास नायट्रस ऑक्साइड तयार होण्यास अनुकूल स्थिती लाभते. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २६५ पट उष्णता रोखतो. केवळ एकच वायू मोजून समाधान मानणे मला म्हणूनच मान्य नाही.

मूळ दुखणे निचऱ्याचे आहे. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २०१३ साली निचरा केलेल्या पीटवरील तेल-पामसाठी हेक्टरी दरसाल ११ टन कार्बन हे प्रमाण ठरविले. मध्य कालिमंतानात १९९६ साली सुमारे १० लाख हेक्टरांवर भातशेती करण्याच्या इराद्याने कालवे खोदले. भात पिकले नाही, आणि १९९७ साली कोरडे पीट पेटले.

भारत पाम तेलाचा मोठा आयातदार आहे व आपल्या भुईमूग-सोयाबीनला त्याच तेलाशी भावात स्पर्धा करावी लागते. तेव्हा हा विषय परका नव्हे. दाबणीचा दाखला पुढे करणाऱ्या मळेवाल्याकडे खरेदीदाराने वर्षभरातील पाण्याच्या पातळीची आणि जमीन किती खचली याची नोंद मागावी. इंडोनेशियाने २०१६ साली ही पातळी पृष्ठभागाखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये, असा नियम केला आहे.