भाच्याची डाळ मिल

मैत्रिणींनो, वर्षाची तूरडाळ भरायचे दिवस आले की आपल्या वऱ्हाडात दोनच प्रश्न विचारले जातात. भाव काय, आणि शिजते कशी? यंदा त्यात तिसरा घाला. ही डाळ केली कोणी?

आपल्या आज्या जात्यावर तूर भरडायच्या. पुढे मोठ्या गिरण्या आल्या. गावची तूर पोत्यांनी अकोल्याला जायची आणि डाळ होऊन पुन्हा गावच्याच दुकानात यायची. जिच्या शेतात तूर पिकते, तीही डाळ विकतच आणते. वर हमाली, दलाली, गाडीभाडं तिच्याच पदरी! पूर्व आफ्रिकेतही असंच आहे बरं का. मोझांबिक, टांझानिया, मलावी इथले लहान शेतकरी तूर पेरतात आणि त्यातली बरीचशी आख्खीच जहाजाने आपल्याकडे येते. डाळ करण्यातली कमाई इकडे राहते. शाळा शिकलेल्या पोरांनी गावात राहून करायचं काय, हा प्रश्न तिथल्या आयांनाही पडत असणार.

याचं एक उत्तर आपल्या अकोल्यात तयार झालं आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने गावात चालेल अशी लहान डाळ गिरणी काढली. ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ म्हणतात तिला. तूर चाळून निवडायची, यंत्रातून काढून तिच्या सालीला चरे पाडायचे, थोडं तेल लावून मुरू द्यायची, उन्हात वाळवायची, पाण्याचा हात देऊन पुन्हा वाळवायची, मग शेवटी भरडायची. १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. चुनी आणि टरफल गुरांना जातं. तूर संपली की मूग, उडीद, हरभरा आहेतच. यंत्र झटपट काम करतं हो, खरी मेहनत वाळवणाची! आणि ती आपल्याला तर लहानपणापासून ठाऊक.

विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते डॉ. पंजाबराव देशमुख पापळच्या शेतकऱ्याच्या घरातले. विलायतेत शिकून आले, १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, १९५२ ते १९६२ दिल्लीत कृषिमंत्री होते. खेड्यातलं पोर वर्गात बसलं ते अशा माणसांमुळे. मी अर्धवेळ शिकवते त्या वर्गात निम्मी मुलं एस.टी.ने येतात. पुढे काय करणार म्हणून विचारलं, की तलाठी, पोलीस, नाहीतर पुण्याला कंपनीत. गावात धंदा टाकीन म्हणणारा एखादाच. त्यांना तरी काय बोलावं? लग्नाच्या बैठकीत काय विचारतात ते ती मुलं ऐकून असतात.

त्या बैठकीत तर आपणच बसतो! मुलगा काय करतो? गावात डाळ मिल टाकली. म्हणजे नोकरी नाही? झालं, तिथेच विषय संपला. माझ्या चुलत नणंदेचा मुलगा बी.एस्सी. आहे. तीन ठिकाणी त्याचं असंच झालं. नणंद म्हणते, “वैनी, पंधरा हजाराची का होईना, नोकरी पाह्यजे होती. मिलीत थो त्याहून जास्त कमावते, पन ते कोनाले दिसते?” मुलीच्या आईची काळजी मला कळते. महिन्याच्या एक तारखेला पगार येतो, धंद्याला तारीख नसते. पण मग नोकरी नाही म्हणून उठून जाण्यापेक्षा हिशेबाची वही दाखवा म्हणावं. पक्की नोकरी सांगणाऱ्याची पगाराची चिठ्ठी आपण मागतोच ना?

मी त्या भाच्याची वही पाहिली. तुरीचा भाव, तेल, वीज, पोती, ऑटोचं भाडं, वाळवणाला येणाऱ्या बायांची मजुरी, बँकेचा हप्ता, सगळं होतं. त्याची स्वतःची मजुरी तेवढी नव्हती. “मामी, मी तर घरचाच!” म्हणे. ती मांडली तेव्हा कुठे खरा नफा दिसला. कमी होता, पण होता. तुमच्याही घरी असा कोणी असेल तर ही एक ओळ आधी लिहायला लावा.

सरकारी मदतीबद्दल थोडं. २०२० साली केंद्राने लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली, तीत खर्चाच्या ३५ टक्के, पण १० लाखांच्या आत, अनुदान ठेवलं. ते कर्जाला जोडलेलं असतं. हप्ता झेपेल का हे आधी पाहावं, अनुदानाच्या ओढीने घेतलेलं यंत्र धूळ खात पडतं. सध्या काय मिळतं ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र हवीच.

आणि एक, थोडं कडू आहे. अशा पोराचा धंदा परक्यांपेक्षा नातेवाईकच जास्त बुडवतात. “घरचाच तर आहे, देऊ सावकाश,” म्हणून दहा घरी पाच-पाच किलो उधारीवर गेली की त्याची पुढची तूर घ्यायला पैसा उरत नाही. दुकानदाराला आपण असं म्हणतो का? डाळीत टरफल दिसलं किंवा शिजायला वेळ लागला, तर गुपचूप दुकानाकडे वळू नका, त्याला तोंडावर सांगा. सुधारेल.

आभाळ येऊ लागलं की वाळवण अडतं, म्हणून मागणी आताच कळवा, आणि ‘थोडी पाठव’ न म्हणता किलोचा आकडा सांगा. पोतं दारात उतरलं की वजन करून घ्या आणि पैसे त्याच दिवशी द्या.