बिस्किटाच्या डब्यातली दादी

सालेकसाचं घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात जमिनीचे जुने कागद, तेंदूपत्त्याच्या हिशोबाची वही आणि बिस्किटाच्या डब्यात कोंबलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. डबा उघडला तसा सिरक्याचा वास आला. लोणचं सांडलं असेल असं वाटलं, पण वास फिल्मचाच होता. बहुतेक जुन्या निगेटिव्हचा पाया असिटेटचा असतो. ओलाव्यात तो हळूहळू कुजतो आणि त्यातून सिरक्यातलंच आम्ल सुटतं. एका पट्टीचं आम्ल दुसरीला बाधतं. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीलासुद्धा पाणी सुटतं. तिथे घट्ट झाकणाचा डबा म्हणजे निगेटिव्हचा शत्रूच.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त निवडानिवड केली. वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या, बुरशीच्या वेगळ्या. एकमेकींना चिकटलेल्या तशाच ठेवल्या, कारण ओढलं तर चित्राचा थरच निघून येतो. बाकीच्या साध्या कागदी लिफाफ्यांत घातल्या आणि वर पेन्सिलीने लिहिलं. अब्बांच्या क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह चौकोनी निघाल्या, एका रोलवर बाराच फोटो. म्हणून त्या काळचा प्रत्येक फोटो विचार करून काढलेला दिसतो. हाजरा धबधब्यावरची एक सहल अख्ख्या तीन फोटोंत आटोपली आहे.

घरातल्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह उमटत नाही. त्याचा उजेड वरून पडून परत येतो आणि निगेटिव्हला तो आरपार हवा असतो. आम्ही टॅब्लेटवर कोरा पांढरा पडदा लावला, प्रकाश पूर्ण वाढवला, त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा दोन बोटं उंच ठेवला आणि त्यावर निगेटिव्ह. तुकडा उंच ठेवला नाही, तर पडद्याचे बारीक ठिपके फोटोत येतात. निगेटिव्हच्या भोवती काळ्या पुठ्ठ्याची चौकट, खोलीत अंधार, आणि पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवलेला मोबाइल. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे हवी. कडेची अक्षरं सरळ वाचता आली की समजायचं, बरोबर आहे. धूळ हवेच्या रबरी फुग्याने उडवायची. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे थेंब बसतात. हे आम्ही दोनदा करून शिकलो.

मग मोबाइलमध्येच रंग उलटे करायचे. काळ्यापांढऱ्याला तेवढंच पुरतं. रंगीत निगेटिव्हवर मात्र नारिंगी झाक असते, ती न काढता उलटलं तर माणसं निळी दिसतात. म्हणून पट्टीची कोरी कड पांढरी मानून आधी रंग जुळवायचे, नंतर उलटायचे. छापायला चार बाय सहा इंचांच्या फोटोला १२०० बाय १८०० बिंदू पुरतात. इंकजेटचा फोटो एक दिवस उघडा वाळू द्यावा, लगेच अल्बममध्ये घालू नये. आणि मूळ निगेटिव्ह फेकू नये. मोबाइल बिघडतो, पट्टी राहते.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग घरातल्या एकाने हौसेने एका निकाहचे फोटो खानदानाच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात त्यातला एक कुणाच्या तरी स्टेटसवर होता. संध्याकाळी खालांचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, "बेटा, तो फोटो माजघरात काढलेला, दारं लावून. काढणारा माझा सख्खा भाऊ होता."

आम्ही फोटो काढून टाकले, पण जे गेलं ते गेलं. चाळीस वर्षं ते चेहरे पेटीत होते. पेटीला कुलूप होतं आणि पाहणारे मोजके होते. त्या बायांनी ओढणी सैल सोडली ती त्या भरवशावर. तेव्हापासून घरात नियम आहे: बाईचा फोटो असेल तर आधी तिला विचारायचं. ती हयात नसेल तर तिच्या मुलींना. हो म्हटलं तर छापून हातात द्यायचा, पाठवायचा नाही.

हा नियम केला आणि चारच दिवसांत दादी सापडल्या.

आमच्या दादींचा एकही फोटो नाही, असंच आम्ही ऐकत आलो होतो. दादांचा आहे, हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला. ते मुंबईहून जहाजाने गेले होते. (१९९५ नंतर तो समुद्रमार्ग बंद पडला.) दादा गरजेपुरते कॅमेऱ्यासमोर बसले, दादी कधीच नाही. फोटोबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, हे वाचकांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या बऱ्याच उलमांनी गरजेशिवाय फोटो नको म्हटलं. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांचं म्हणणं वेगळं होतं: कॅमेरा काही घडवत नाही, आरशातल्या प्रतिबिंबासारखी सावली फक्त धरून ठेवतो. दादींनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्यांना नको होतं, एवढंच.

फुफींच्या लग्नाच्या पट्टीत, दुल्हनच्या मागे दारात, एक बाई हसत उभी आहे. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा आणि केस पांढरे. उलटल्यावर अब्बा खुर्चीतून उठले.

भाऊ म्हणाला, मोठा करून दिवाणखान्यात लावू. आमच्या मुलीने तर दादींना पाहिलेलंच नाही. तीही भावाच्याच बाजूची. अब्बांनी मान हलवली: "तिला ठाऊक नव्हतं कुणी फोटो काढतोय. ठाऊक असतं तर तोंड फिरवलं असतं." दोघांचंही आम्हाला पटत होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नव्हतं.

नियमाप्रमाणे आमगावहून फुफींना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "एकच छापता येतो ना?"

एकच छापला, पोस्टकार्डाएवढा. मोबाइलमधला त्यांच्यासमोर पुसला. मुलीने जाण्याआधी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली की हनुवटी तिच्यासारखी आहे. फुफींनी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. पट्टी लिफाफ्यात परत गेली. वर काय लिहावं यावर अब्बांनी बराच विचार केला आणि फक्त "अम्मी" लिहिलं.

त्याच फोटोत दादींच्या शेजारी ताट धरलेली आठ-दहा वर्षांची एक मुलगी आहे. ती कोण, फुफींनाही आठवलं नाही. दरेकशाच्या चाचींना कदाचित ठाऊक असेल. येत्या जुम्याला लिफाफा घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत.