वरातीमागून येणारी तक्रार

व्यापारात तक्रार नवी नाही. माल कमी भरला, ओला निघाला, नमुन्याप्रमाणे उतरला नाही, हे शब्द बाजारपेठेइतकेच जुने आहेत. नवे आहे ते तक्रारीचे वेळापत्रक. आष्ट्यासारख्या गावातून हळदपूड, बेदाणा, गूळ, मसाले यांची पाकिटे आता कुरिअरने दिल्ली-बंगळुरूपर्यंत जाऊ शकतात. माल पोचतो, पैसे जमा होतात, हिशेबाची वही मिटते. आणि दीड महिन्याने निरोप येतो की पाकीट फाटलेले होते, वजन कमी होते, पैसे परत करा, नाहीतर एकच तारा देऊन चारचौघांना सांगावे लागेल. वरातीमागून आलेल्या या घोड्याला दारात घ्यावे की परत पाठवावे, हा प्रश्न लहान विक्रेत्याच्या दृष्टीने केवळ दोनतीनशे रुपयांचा राहत नाही. तो त्याच्या नावाचा होतो.

सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१८ साली. पण तिची पत त्याच्या कितीतरी आधी पेठेत सिद्ध झाली होती. हरिपूरच्या पेवांतून हळद बाहेर निघे, तेव्हा खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाही, वास घेई, ओल अजमावी आणि मग भाव बोले. तंटा झालाच तर तो ढिगाशेजारी, काट्याच्या साक्षीने आणि अडत्याच्या मध्यस्थीने मिटे. अशा तंट्याला पेठेत ‘वांधा’ म्हणतात, आणि वांधा काढावयाचा तो माल उचलण्यापूर्वी, हा साधारण संकेत होता. परगावच्या पेढीने मागाहून खुसपट काढून बिलातील रक्कम कापली, असे कधी घडलेच नाही असे म्हणता येणार नाही. तथापि दोन्ही पेढ्या एकमेकींना ओळखत आणि पुढच्या हंगामात त्यांना पुन्हा एकमेकींचे तोंड पाहावे लागे. खोटे बोलण्याची किंमत मोजावी लागत होती, म्हणून खोटे मर्यादेत राहत होते.

ऑनलाइन विक्रीत ही किंमत जवळजवळ नाहीशी झाली आहे. ग्राहकाला विक्रेता दिसत नाही आणि विक्रेत्याला ग्राहक दिसत नाही. ग्राहकाने माल पाहिलेला नसतो, म्हणून त्याला तक्रारीचा अधिक विस्तृत हक्क असणे न्याय्यच आहे. परंतु ज्या सोयीने प्रामाणिक ग्राहक तक्रार करू शकतो, त्याच सोयीने अप्रामाणिक ग्राहकही फुकट माल मिळवू शकतो. हा केवळ विक्रेत्यांचा संशय आहे असेही नव्हे. माल मागवून नंतर तो कमी आला, चुकीचा आला अशा तक्रारी करून सुमारे १ कोटी १० लाख रुपयांचा परतावा लाटल्याची फिर्याद मिंत्रा या कपडे विकणाऱ्या बड्या कंपनीने बंगळुरूच्या पोलिसांत दिल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. अशी कंपनी वकील लावू शकते, तोटा सोसू शकते. घरच्या गिरणीवर हळद दळून आठवड्याला चाळीस पाकिटे पाठवणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या दोन पाकिटांचे पैसे बुडाले की त्या आठवड्याच्या नफ्याचा मोठा वाटा गेला.

अशा वेळी विक्रेता दोनपैकी एका टोकाला जातो. पहिला मार्ग भीतीचा. तारे कमी होतील म्हणून तो प्रत्येकाला पैसे देऊन मोकळा होतो. यात म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. दुसरा मार्ग रागाचा. दोनदा फसल्यावर त्याला प्रत्येक उशिरा येणारी तक्रार खोटी वाटू लागते. मग दिवाळीसाठी मागवलेले पाकीट दिवाळीलाच फोडणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहिणीलाही लबाड ठरवले जाते. पहिल्या मार्गाचा भुर्दंड अखेर किमतीच्या रूपाने प्रामाणिक ग्राहकांवर पडतो आणि दुसऱ्या मार्गाने तेच ग्राहक दुरावतात. दोन्ही मार्गांत एकच चूक आहे. निवाडा तक्रारीचा व्हावयास हवा, तो तक्रारदाराच्या चारित्र्याचा केला जातो.

तक्रारीचा निवाडा करावयाचा तर आधी दोषाची जात ओळखावी लागते. काही दोष उघडे असतात. पाकीट फाटले, वजन कमी भरले, हळदीऐवजी मिरचीपूड आली, हे दार उघडताच दिसते आणि त्याच दिवशी सांगता येते. ते पंचेचाळिसाव्या दिवशी सांगितले जात असेल, तर उशिराचे कारण विचारण्याचा विक्रेत्याला पूर्ण अधिकार आहे. काही दोष मात्र झाकलेले असतात. हळदीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत, आणि असली भेसळ नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. ती दोन महिन्यांनी कळली तरी तक्रार खरीच असते. ‘मुदत संपली’ हे तिला उत्तर होऊ शकत नाही. तिसरी जात मागाहून उपजलेल्या दोषांची. हळदपूड उन्हात किंवा पारदर्शक बरणीत उजेडात ठेवली तर तिचा रंग उतरतो, ओल लागली तर गाठी होतात आणि झाकण सैल राहिले तर कीड लागते. येथे माल निघताना कसा होता हाच खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर विक्रेत्याने जपून ठेवलेला नमुनाच देऊ शकतो.

कायद्याची दृष्टीही फारशी वेगळी नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ४१ व्या कलमाने खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी दिली आहे. आणि ४२ व्या कलमानुसार वाजवी काळ उलटूनही नाकारल्याचे न कळवता त्याने माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे समजले जाते. वाजवी काळ किती, हे त्या त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ठरते. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात काळ नेमका सांगितला आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला गेला असे धरले जाते. ही तरतूद उद्योगाला वेळेवर पैसे मिळावेत यासाठी आहे; घाऊक माल घेणाऱ्या दुकानदाराशी व्यवहार करताना नोंदणीकृत उत्पादकाला तिचा उपयोग होतो, घरगुती ग्राहकासमोर तिचा आधार घेता येणार नाही. घरगुती ग्राहकासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सदोष माल बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शिवाय तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत ग्राहक आयोगाकडे जाता येते.

या तरतुदींचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. ज्याच्या बिलावर मुदत नाही, त्याने स्वतःच वादाला दार उघडे ठेवले आहे. पाकीट फाटले असल्यास, वजन कमी भरल्यास किंवा चुकीचा माल आल्यास अमुक दिवसांत छायाचित्रासह कळवावे, ही ओळ बिलावर आणि विक्रीच्या पानावर सुबोध मराठीत, हिंदीत व इंग्रजीत छापणे ही पहिली शिस्त. दुसरी शिस्त नोंदीची. पाकीट बंद करण्यापूर्वी काट्यावरील वजनासह त्याचे छायाचित्र, त्यावरील बॅच क्रमांक, कुरिअरची पोच, आणि प्रत्येक बॅचचा थोडा मोहोरबंद नमुना, एवढे जपण्यास फारसा खर्च येत नाही. कार्डाने पैसे भरणारा ग्राहक बँकेमार्फत रक्कम परत मागू शकतो आणि बहुतेक प्रकारच्या वादांत ही मुदत १२० दिवसांपर्यंत असते. तेव्हा नोंदी निदान तेवढा काळ आणि नमुना मालाची मुदत संपेपर्यंत ठेवणे इष्ट.

तक्रार आल्यावरची रीतही ठरलेली असावी. उत्तर चोवीस तासांत आणि सौम्य भाषेत द्यावे. काय बिघडले, केव्हा लक्षात आले, बॅच क्रमांक कोणता, हे तीनच प्रश्न सर्वांना सारखे विचारावेत आणि छायाचित्र मागावे. खऱ्या तक्रारदाराला या प्रश्नांचा राग येत नाही. जो छायाचित्र देत नाही, माल परत करण्यास तयार नाही, माल बदलून नको म्हणतो, पहिल्याच वाक्यात ताऱ्याची धमकी देतो आणि व्यवहार विक्रीच्या मंचाबाहेर मिटवू पाहतो, त्याच्याबाबत सावध राहावे. माल परत आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. भेसळीचा आरोप असेल तर मोहोरबंद नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची तयारी स्वतःहून दाखवावी. संशय दोन्ही बाजूंना सारखाच उरला आणि रक्कम लहान असली, तर पहिल्या वेळी ग्राहकाला झुकते माप द्यावे, पण त्याची नोंद करावी. परतावा ‘मिळवण्या’साठी कोणी क्यूआर कोड पाठवला किंवा ओटीपी मागितला तर तो तक्रारदार नसून ठग आहे असे समजावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

इतके करूनही विक्रेत्याच्या हाती न येणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे मंचाचा न्याय. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी ग्राहकासाठी तक्रार अधिकारी नेमावयास लावला, ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण असे बंधन घातले. हे योग्यच झाले. कायद्याने काढून टाकावा लागलेला माल वारंवार विक्रीस ठेवणाऱ्या विक्रेत्यांची नोंद ठेवण्याचा प्रयत्नही मंचाने करावयाचा आहे. परंतु वारंवार खोटी तक्रार करणाऱ्या ग्राहकाची नोंद ठेवावी किंवा रक्कम कापण्यापूर्वी विक्रेत्याचे म्हणणे ऐकावे, असे बंधन त्या नियमांत नाही. ते मंचाच्या मर्जीवर आणि कोणी सहसा न वाचणाऱ्या करारपत्रावर सोपवलेले आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा विचार करण्याचा विशेष अधिकार आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली, ती विक्रेता बलवान आणि ग्राहक असहाय होता म्हणून. १९८६ च्या कायद्याला त्या काळच्या ग्राहक चळवळीची पार्श्वभूमी होती. दुर्बळाच्या बाजूने कायद्याने उभे राहावे, हे तिचे तत्त्व होते. आज आष्ट्यातील दळणवाली आणि महानगरातील ग्राहक यांच्यात दुर्बळ कोण, हे नेहमीच सांगता येत नाही. बलवान मात्र निश्चित सांगता येतो. दोघांच्या मध्ये बसून दोघांकडूनही लाभ घेणारा मंच तो. म्हणून मागणी ग्राहकाचा हक्क कमी करण्याची असू नये. रक्कम कापण्यापूर्वी विक्रेत्याला पुरावा मांडण्यासाठी ठरावीक दिवस मिळावेत, निर्णयाची कारणे लेखी द्यावीत, आणि खोट्या ठरलेल्या तक्रारीचा तारा पुसला जावा, एवढीच ती असावी.

पेठेतला काटा विकणाराचा नसतो आणि घेणाराचाही नसतो, म्हणून दोघेही त्याच्यापुढे मान तुकवतात. ऑनलाइन बाजारात तसा काटा अजून उभा राहावयाचा आहे. तोवर आपल्या बिलावरची मुदत आणि आपल्या घरातला मोहोरबंद नमुना, यांवरच लहान विक्रेत्याला आपली पत तोलून दाखवावी लागणार आहे.